फुकट आणि दिलेलं

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कोणाचं असेल तर ते विशाखा सोनवणे मॅडमचं. अशा वेळी आई-वडिलांचं नाव आधी घ्यावं हे मला कळतं. पण माझे वडील हे वाचून रागावणार नाहीत. ते स्वतःच एकदा म्हणाले होते, "आमी तुला कॉलेजात घातला, पर कॉलेजातनं काय घिऊन यायचं ते त्या बाईनं सांगितलं." पणदऱ्याच्या डेअरीवर दुधाचं फॅट बघण्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिला. पदवीचा कागद आणला तेव्हा तो कुठे ठेवायचा हेही कुणाला सुचेना. शेवटी आईने तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.

मॅडमचा कॉम्प्युटर क्लास बारामतीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत, खताच्या दुकानावर होता. ही नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. जिना चढताना खताचा उग्र वास नाकात बसायचा आणि वर गेल्यावरही तो तासभर जायचा नाही. खोलीत चार मशिनी, एक फळा, आणि लाईट गेल्यावर कोकलणारी एक बॅटरी. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिथे शिकायला गेलो आणि पुढे तिथेच शिकवायला राहिलो.

मॅडम मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीच्या. तिशी ओलांडलेली, उंच, किरकोळ अंगाच्या. त्यांच्याकडे पाहिलं की वाटायचं, या बाई आत्ताच कुठूनतरी लांबून चालत आल्या आहेत आणि अजून तेवढंच जायचं राहिलं आहे. बारामतीत दोन खोल्या घेऊन त्या वडिलांबरोबर राहत. वडिलांना सगळे आबा म्हणत. थोरला भाऊ अशोकदादा इंदापूरजवळ लोणी देवकरला कारखान्यात फिटर होता. क्लासचं भांडवल त्याचं होतं, फंडातून काढलेलं. सुट्टीच्या दिवशी तो बारामतीला यायचा आणि जिन्यातच विचारायचा, "पोरं किती?"

शिकवताना मॅडम पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. चिडल्या किंवा खूश झाल्या की निरवांगीचं बोलणं बाहेर पडे. त्यामुळे त्यांनी 'नाही' म्हटलं की आम्ही निर्धास्त असायचो आणि 'न्हाय' म्हटलं की सरळ बसायचो.

त्यांची एक सवय मला आयुष्यभर पुरली. पडद्यावर चुकीचा निरोप आला की त्या तो मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायच्या. गावाकडे पत्र वाचता न येणाऱ्याला शेजारी पत्र वाचून दाखवतात, तसं. मुलांची सवय उलटी. खिडकी आली की आत काय लिहिलंय न बघता 'ओके' दाबायचं. मॅडम म्हणत, "अरे, ते मशीन तुमच्याशी बोलतंय. माणूस बोलायला लागल्यावर तुम्ही हो हो म्हणून तोंड फिरवता का?" पुढे पुण्याच्या मुलाखतीत मला एका बिघडलेल्या मशीनसमोर बसवलं. मी सवयीने निरोप मोठ्याने वाचायला लागलो. समोरचे हसले, पण निम्म्या वाचनातच दोष सापडला आणि मला नोकरी मिळाली.

दुसरी सवय भाकरीची. लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम मुळापासून तयार करायला घातला की पडद्यावर ओळींमागून ओळी धावत राहत. त्या जुन्या मशिनींवर याला फार वेळ लागायचा. तेवढा वेळ मॅडम मशीनच्या पेटीवर हाताचा तळवा ठेवून उभ्या राहायच्या. कोणी काही विचारलं तर म्हणायच्या, "थांब. भाकरी तव्यावर हाय."

आता लिनक्स कुठून आलं ते सांगायला हवं. मी गेलो तेव्हा चारही मशिनींवर विंडोजच होतं, साऱ्या गावात होतं तसं. एका पौर्णिमेला मॅडम विहारातून थेट क्लासला आल्या. पांढरी साडी, चेहरा विचारात.

"दत्ता, आपल्या विंडोजची पावती कुठं हाय?"

मी फाईल उपसली. कीबोर्डची पावती निघाली, पंख्याची निघाली. विंडोजची नव्हती.

"मॅडम, मशिनी जोडणाऱ्याने ते फुकट टाकून दिलंय. सगळीकडे तसंच असतं."

"फुकट म्हंजी? कुणी दिलं?"

"त्यानेच."

"त्याचं होतं का त्ये?"

मी फाईल मिटली. पाच शिलांपैकी दुसरं शील त्या दर पौर्णिमेला म्हणत आल्या होत्या: अदिन्नादाना. त्याचा अर्थ सगळे 'चोरी करू नये' असा सांगतात. मॅडम शब्द सुटा करून सांगायच्या: जे दिलेलं नाही, ते घेऊ नये. "चोरी म्हटलं की माणूस म्हणतो, मी कुठं चोर हाय? न दिलेलं म्हटलं की मग पळायला जागा राहत न्हाय." त्या दिवशी विहारात बसल्या बसल्या त्यांना चार मशिनी आठवल्या होत्या, एवढंच.

विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी एका मासिकाबरोबर आलेली होती. आत परवान्याचा लांबलचक इंग्रजी मजकूर होता. तो जगात कुणी पूर्ण वाचत असेल असं मला वाटत नाही. मॅडमनी डिक्शनरी घेऊन सगळा वाचला आणि एका संध्याकाळी आबांना समजावून सांगितला.

"आबा, ह्यात लिवलंय, घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या. आन् देताना त्यालाबी पुढं द्यायची मुभा द्या."

"म्हंजी दान हाय म्हण की."

"दान न्हाय. दानात देणारा वर असतो आन् घेणारा खाली. ह्यात तसं न्हाय. सारख्या वाट्यानं हाय."

आबांनी चष्मा काढून पुसला. "मग ह्ये भाऊबंदांनी केल्यालं नसणार."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चारही मशिनी पुसून टाकल्या आणि त्यांच्यावर लिनक्स चढवलं.

शिकवण्याच्या दृष्टीने त्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते गेमचं. कॉम्प्युटर शिकायला येणारी मुलं थोडी. खरी वर्दळ संध्याकाळी तासावर गेम खेळायला येणाऱ्या शाळकरी पोरांची. क्लासचं भाडं त्यांच्यावर निघायचं. मॅडमना त्यात कमीपणा वाटत नसे. त्या म्हणायच्या, "पोरगं खेळायला आलं की दोन-चार दिवसांनी विचारतंच, मॅडम, हे आतून चालतं कसं? तिथून माझा तास सुरू होतो."

विंडोजवर नवा गेम म्हणजे सीडी आत घालायची, दोन-चारदा होय होय म्हणायचं आणि गाडी पळवायची. मध्येच निळा पडदा येऊन सगळं गोठायचं. मग बटण बंद करून पुन्हा चालू करायचं. पोरांना त्याचं काही वाटत नसे. लिनक्सवर नवा गेम मुळात यायचाच नाही. जुने, साधे खेळ होते: साप, विटा, बुद्धिबळ. एखादा बरा गेम मिळालाच, तर आधी पडद्याच्या कार्डाची समजूत काढा, मग आवाजाच्या कार्डाची, मग जी फाईल नाही म्हणतो ती शोधा, ती सापडली की ती दुसरी मागते. एकदा पडद्याचे आकडे चुकले आणि मॉनिटर असा किंचाळला की खालून खतवाला वर पळत आला. मॅडम दमून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "विंडोजवर लोक गेम खेळत्यात. आपण गेम लावतो. लावून होईस्तोवर खेळायला जीव उरत न्हाय."

आणि गल्लीत समोरच पप्पूशेठचं गेम सेंटर होतं. सहा मशिनी, सगळ्यांवर विंडोज, आणि पुण्या-मुंबईत गेम आला की आठवड्यात त्याच्याकडे त्याची नक्कल. माणूस मात्र दिलदार. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, त्यावरून रस्त्यातूनच हाक मारायचा, "ओ मॅडम, तुमच्या त्या पेंग्विनला सांगा, हितं बारामतीत ऊन लई हाय. मरंल बिचारा."

"मरत न्हाय," मॅडम खिडकीतून म्हणायच्या. "त्याला उसाच्या रानात सोडलाय."

पण एकेक पोरगं रस्ता ओलांडून समोर जायला लागलं. पावसाळा संपेपर्यंत आमच्या संध्याकाळच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. एका सुट्टीला अशोकदादा आला, रिकाम्या खोलीकडे बघत उभा राहिला. पायांत कारखान्याचेच बूट. तो वाईट माणूस नव्हता. रात्रपाळी करून झोप न काढता आला होता.

"विशू, हे विहारापुरतं ठेव की. धंद्यात कोण बघतंय?"

"विहारात काय चोरण्यासारखं असतं का दादा, तितं पाळायला?"

दादा हसला नाही. "मला भांडायचं न्हाय. दिवाळीच्या सुट्टीत पोरं आली तर क्लास ऱ्हाईल. न्हाय आली तर मशिनी विकायच्या. माझ्याच्यानं आता व्हत न्हाय."

मॅडमनी मान हलवली. दादा जिना उतरून गेल्यावर मला म्हणाल्या, "खरं बोलतोय तो."

त्या सुमारास गाड्यांच्या शर्यतीचा एक नवा गेम आला होता. पप्पूशेठकडे त्याच्यासाठी पोरं पायऱ्यांवर बसून नंबर लावत. त्याचा नमुना, म्हणजे फक्त पहिला रस्ता असलेला छोटा भाग, कंपनीने स्वतःच मासिकाच्या सीडीवरून वाटला होता. तो दिलेला होता; मॅडमची त्याला हरकत नव्हती. पण तो होता विंडोजसाठी. मॅडमनी ठरवलं, दिवाळीच्या आधी तो लिनक्सवर चालवायचा. पोरांनी एकदा पाहिलं की लिनक्सवरही नवा गेम चालतो, की ती परत येतील. क्लास टिकायचा तर तेवढा एकच मार्ग त्यांना दिसत होता.

त्यासाठी एक प्रोग्रॅम होता. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवून देणारा. त्याचं नाव वाईन. तो तेव्हा अर्धाकच्चा होता. आमच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ तेच सुरू झालं: वाईन घेतली का, वाईन पुन्हा चढव, कालची वाईन बरी होती, आजची बिघडली. खताच्या दुकानात बसणाऱ्या कुणीतरी हे ऐकलं आणि आबांना जाऊन सांगितलं. भर दुपारी आबा काठी टेकत जिना चढून आले. मॅडम मशीनमागे वायरी बघत होत्या.

"इशाखे, दुसऱ्या शिलापायी धंदा बुडवाय निघालीस, ते मी बोललो न्हाय. पर पाचवं मोडाय लागलीस म्हनं?"

पाचवं शील दारू न पिण्याचं. मॅडमना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या मशीनला टेकून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. मग त्यांनी आबांना खुर्ची दिली आणि सांगितलं: गेम एक भाषा बोलतो, आपल्या मशीनला दुसरी कळते, मधे हा दुभाषा उभा केलाय, त्याचं नाव वाईन.

आबांनी पडद्यावर पाहिलं. काळ्या चौकटीत अर्धी गाडी दिसत होती आणि तीही उलटी.

"दुभाषा बोबडा हाय तुझा," ते म्हणाले. "आन् नाव दुसरं मिळालं न्हाय व्हय त्यास्नी?"

हळूहळू गाडी सुलटी झाली. रस्ता दिसायला लागला. मग गाडी हलली, पण अशी की बघणाऱ्याला झोप यावी. आणि आवाज मुळीच नाही. आमचं दोघांचं ज्ञान संपलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, ज्यांनी हे केलंय त्यांनाच विचारू. बारामतीत इंटरनेट नुकतंच आलं होतं. स्टँडजवळच्या फोन बूथमध्ये एक मशीन होतं. मॅडमनी आधी वहीत इंग्रजीत मजकूर लिहिला आणि मला तपासायला दिला. गेम चालतोय पण आवाज बसलाय, असं त्यांना कळवायचं होतं. त्यांनी लिहिलं होतं: गेम इज वॉकिंग, बट साउंड इज सिटिंग. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. व्याकरण बरोबर आहे, असं मी सांगितलं.

चार-पाच दिवसांनी परदेशातल्या एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं: तुमच्याकडे तो वॉकिंग करतोय याबद्दल अभिनंदन, आमच्याकडे तर तो अजून उभाही राहत नाही. खाली त्याने सल्ला दिला होता. वॉकिंग म्हणजे तो अगदी सावकाश जातोय, असं समजून. गेमला जेवढे रंग लागतात तेवढ्याच रंगांवर तुमचा पडदा ठेवा, म्हणजे दुभाष्याला प्रत्येक चित्र नव्याने रंगवत बसावं लागणार नाही. आम्हाला म्हणायचं होतं एक, त्याला कळलं दुसरं, आणि त्याला जे कळलं तेच नेमकं आमचं दुखणं होतं. रंग बदलले आणि गाडी पळायला लागली. आवाज बसलेलाच राहिला.

उत्तराचा कागद मॅडमनी छापून घेतला होता. तो आबांना दाखवून म्हणाल्या, "बघा, वळखीचा न पाळखीचा. इचारलं आन् सांगितलं." आबा म्हणाले, "ह्याचंबी भाऊबंद हितलं नसणार."

सुट्टी लागली त्या सकाळी खोली भरली. कितीतरी महिन्यांनी भरली. खुर्च्या पुरेनात, पोरं खिडकीत, जिन्यात. दादाने मुद्दाम पाळी बदलून घेतली होती. तो दारात उभा होता. मॅडमनी गेम सुरू केला. गाडी सुटली आणि खोलीत एकदम शांतता झाली, कारण आवाज नव्हता. मग पुढच्या खुर्चीतल्या एका पोराने तोंडानेच 'ढुर्रर्र' केलं. दुसऱ्याने गिअर टाकला. बघता बघता सगळी खोली इंजिन झाली. वळणावर टायर घासण्याचे आवाज, धडकेचे आवाज, सगळं पोरांनीच पुरवलं. मॅडम मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच सैल झालेला पाहिला.

नंबराने सगळ्यांचं खेळून झालं. दुपारकडे तेच पुढच्या खुर्चीतलं पोरगं वळून म्हणालं, "मॅडम, पुढचा रोड कुठाय?"

"हा नमुना आहे बाळा. एवढाच दिलाय त्यांनी."

"समोर सगळे रोड हायेत. डोंगराचा हाय, बर्फाचा हाय."

त्याने ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. मॅडमनी पूर्ण गेम विकत घेण्यासाठी पुण्याच्या दुकानांत चौकशी केली होती. खरा गेम इकडे विकायलाच येत नाही, नक्कल हवी तर देतो, असं उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं आली. तिसऱ्या दिवशी चार आली, आणि तीही सारखी खिडकीतून समोर बघत होती.

संध्याकाळी पप्पूशेठ स्वतः जिना चढून आला. दादा आणि आबा दोघंही होते. पप्पूशेठने खिशातून एक सीडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"मॅडम, तुमी त्या पेंग्विनवर गाडी पळवली. मी पोरास्नी इचारलं, खरंच पळती म्हणाली. मानलं तुमाला. हा घ्या पुरा गेम. सगळे रोड हायेत. तुमी लावा, तुमची पोरं तुमच्याकडं येऊ द्यात."

"नको शेठ."

"आवं, मला ठावं हाय तुमचं. न दिलेलं घ्यायचं न्हाय. मग मी देतोय की! ह्या दोघांच्या साक्षीनं देतोय. आता तर दिलेलं झालं?"

मॅडमनी सीडी उचलली. तिच्यावर पेनाने गेमचं नाव लिहिलेलं होतं, स्पेलिंग चुकवून. दादा हळूच म्हणाला, "घे विशू. तो मनापासनं देतोय." मी मनातल्या मनात तेच म्हणत होतो. आबा काठीच्या मुठीकडे बघत राहिले.

मॅडमनी सीडी दोन्ही हातांनी, दुसऱ्याची ठेव परत करावी तशी, पप्पूशेठपुढे धरली.

"शेठ, तुमचं मन मी घेतलं. हे तुमचं असतं तर हेबी घेतलं असतं."

पप्पूशेठने सीडी खिशात घातली. त्याला राग आला नव्हता. जाताना आबांच्या पाया पडून गेला. दादा खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळत म्हणाला, "झालं मग." तो एवढंच बोलला. आबा त्या रात्री जेवले नाहीत असं मॅडमनी नंतर सांगितलं. त्यांना लेक बरोबर वाटत होती आणि लेकही खरा वाटत होता.

मशिनी पप्पूशेठनेच घेतल्या. गल्ली ओलांडून त्या आम्हीच नेऊन दिल्या, एकेक मॉनिटर पोटाशी धरून. शिकणाऱ्या मुलांचा अभ्यासक्रम अर्धा राहिला होता. मॅडमनी उरलेला फळ्यावर शिकवला, मशीनशिवाय. काय निरोप येईल ते स्वतः म्हणायच्या आणि मुलांनी काय करायचं ते मुलांनी सांगायचं. शेवटचा तास झाल्यावर त्यांनी फळा पुसला, खाली जाऊन खतवाल्याला किल्ली दिली आणि आबांना घेऊन अशोकदादाकडे राहायला गेल्या.

त्यांनी बरोबर केलं की चूक, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. ज्या दिवशी थकलेला असतो त्या दिवशी मला वाटतं, एक सीडी घेतली असती तर काय बिघडलं असतं. पण तसं वाटलं की मला त्यांचे पुढे धरलेले हात दिसतात आणि माझा युक्तिवाद तिथेच अडतो.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगारानंतर मी लोणी देवकरला गेलो. दादाच्याच कारखान्याच्या ऑफिसात मॅडमना काम मिळालं होतं. बाहेर जाणाऱ्या मालाच्या नोंदी मशीनवर करायच्या. जेवणाची सुट्टी होती. त्या एकट्याच टेबलाशी बसल्या होत्या. डबा उघडलेला नव्हता. पडद्यावर विंडोजमधला पत्त्यांचा डाव मांडलेला होता.

"ये. बस. चहा सांगते."

माझी नजर पडद्यावर गेलेली त्यांनी पाहिली. "कंपनीनं पैसं भरल्यात त्याचं. पहिल्याच दिवशी पावती बघून घेतली."

"आणि हे पत्ते?"

"त्यातच येत्यात."

बोलता बोलता त्यांचा हात चालूच होता. लाल पत्ता काळ्यावर, काळा लालवर. डाव सुटला, पडद्यावर पत्त्यांची कारंजी उडाली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. नवा डाव मांडला. मी माझ्या कामाचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मधूनमधून नेमका प्रश्न विचारत होत्या. घरी एखादं मशीन घेणार का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी पत्त्यांची खिडकी बंद केली.

"दमले रे दत्ता," त्या म्हणाल्या. "नीट वागायचं तर एवढं दमायला का लागतं, ते कुणी शिकवत न्हाय."

भोंगा झाला. त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. ट्रक आत घेण्यासाठी वॉचमनने आम्हाला बाजूला केलं. ट्रक गेला, धूळ बसली, तोवर त्या माघारी वळून ऑफिसच्या पायऱ्या चढत होत्या, एका हाताने कठडा धरून.

त्यानंतर काही महिन्यांनी मी त्यांना एक पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. पत्र पोहोचलं होतं हे दादाकडून कळलं. त्यात लिहिल्याप्रमाणे मी रविवारी जात राहिलो, पुढे माझी बदली झाली आणि जाणं थांबलं. पत्राचा कच्चा मसुदा माझ्याकडे आहे. तोच देतो.

*

पुणे, रविवार

आदरणीय मॅडम,

सादर जयभीम. आबांना नमस्कार सांगावा. दादांनाही.

पत्र लिहिण्याचं कारण असं की, आमच्या ऑफिसातला एक जण परदेशात जाऊन आला. त्याने तिकडून एक नवा गेम विकत आणला आहे. शहरं वसवायची, रस्ते बांधायचे, शेजारच्या राजांशी तह करायचे, असा आहे. खोक्यावर 'लिनक्ससाठी' असं छापलेलं आहे. मला खरं वाटेना म्हणून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. विंडोजवर तो आधीच येऊन गेला होता. आपल्याकडे उशिरा आला, पण आला.

त्याने तो मला सुट्टीच्या दिवशी खेळायला दिला आहे. मी बसवला. फार काही करावं लागलं नाही, त्यामुळे थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं. चित्र स्वच्छ आहे. आवाजही येतो. मी एक गाव वसवलं, त्याला निरवांगी नाव दिलं, आणि बंद केला. एकट्याने पुढे जावंसं वाटलं नाही. बरोबर एक जाड पुस्तक आहे. ते मी वाचलेलं नाही, तुमच्यासाठी ठेवलं आहे.

तुम्ही पुन्हा काही सुरू करा असं सांगायला मी लिहीत नाही. तुम्ही दमला आहात हे मी पाहिलं. पण मॅडम, क्लासमध्ये इतके दिवस होतो, तुम्हाला मी एकदाही खेळताना पाहिलं नाही. आम्ही खेळायचो आणि तुम्ही मागे उभ्या असायच्या. इथे तुम्हाला काही लावायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, कुणाला शिकवायचं नाही. फक्त खुर्चीत बसून खेळायचं आहे. मी मागे उभा राहीन.

रविवारी ऑफिसात कोणी नसतं. मी साहेबांची परवानगी घेतली आहे. आबांनाही आणा, जेवण माझ्या खोलीवर करू.

इंदापूरच्या गाड्या स्वारगेटला जिथे थांबतात तिथे मी येत्या रविवारी सकाळपासून उभा असेन. या रविवारी जमलं नाही तर काही वाटून घेऊ नका. पुढच्या रविवारीही असेन.

आपला विद्यार्थी,
दत्ता